ग्वाल्हेरात घरचा थर्मामीटर: तपासावा कसा, टांगावा कुठे, वाचावा केव्हा

नौतपा (मे अखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू झाला की ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागातल्या एकाच वाड्यात तीन थर्मामीटर तीन आकडे दाखवतात: गच्चीवरचा ५२, चौकातला ४४ आणि माजघरातला ३६. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना फोनवर सांगायला अर्थातच ५२ निवडला जातो. खरं तर तिन्ही थर्मामीटर प्रामाणिक असू शकतात. थर्मामीटर सांगतो ते स्वतःचं तापमान. उन्हात ठेवला तर ऊन खाऊन तापलेल्या काचेचं, दगडी भिंतीला खिळ्याने ठोकला तर भिंतीचं, फ्रिजवर ठेवला तर फ्रिजच्या मागून वर येणाऱ्या गरम झोताचं. त्याचं तापमान आणि हवेचं तापमान एक व्हावं, यासाठीच पुढची सगळी खटपट.

कोणता घ्यावा

इथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि जानेवारीच्या पहाटे ३-४ पर्यंत उतरतो. तेव्हा उणे १० ते ५० अंश सेल्सिअसची पट्टी ही कमीत कमी गरज. ६० पर्यंतची मिळाली तर ती घ्या, कारण ५० वर संपणारी काचेची नळी चुकून उन्हात राहिली तर आतला द्रव वरच्या टोकाला भिडतो आणि नळी तडकते.

लाल द्रवाचा काचेचा थर्मामीटर स्वस्त असतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. त्याचा कच्चा दुवा काचेत नसून आकड्यांच्या पट्टीत असतो. नळी पट्टीवर दोन तारांनी अडकवलेली असते आणि ती जराशी सरकली की सगळे आकडे एका बाजूला चुकतात. दुकानात पाच-सहा एकत्र टांगलेले असतील तर त्यांचे आकडे पाहा. घोळक्यातून वेगळा पडलेला घेऊ नका. काट्याच्या गोल तबकडीत दोन धातूंच्या पट्टीची गुंडाळी असते. ती शोभेला बरी, पण दोन-तीन अंशांची चूक तिच्यात नेहमीची आणि धक्का लागला की काटा आणखी हलतो.

डिजिटलमध्ये एचटीसी-१ या नावाने मिळणारं घड्याळवजा यंत्र घरोघर दिसतं. तापमानात एक अंश आणि आर्द्रतेत पाच टक्के इकडेतिकडे, एवढी त्याची कुवत. घरासाठी पुरेशी आहे. मात्र वायरीच्या टोकाला प्रोब (तापमान मोजणारी छोटी कांडी) असलेलं एचटीसी-२ घेतलंत तर एकाच पडद्यावर आतलं आणि बाहेरचं तापमान शेजारी शेजारी दिसतं. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात याचा उपयोग किती होतो ते पुढे येईलच.

बर्फाची परीक्षा

नवा असो की आजोबांच्या वेळचा, टांगण्याआधी तपासा. फ्रिजमधला बर्फ जाड फडक्यात बांधून बत्त्याने हरभऱ्याएवढा फोडा. स्टीलचा उंच पेला किंवा थर्मास काठोकाठ बर्फाने भरा आणि फटी भरतील एवढंच गार पिण्याचं पाणी घाला. बर्फ पाण्यावर तरंगायला लागला तर पाणी जास्त झालं. थोडं ओतून टाका. मीठ अजिबात नको, त्याने तापमान शून्याच्या खाली जातं. फ्रीझरमधून नुकता काढलेला कोरडा, पांढुरका बर्फही शून्याच्या बराच खाली असतो, म्हणून तो ओला आणि काचेसारखा दिसू लागेपर्यंत पाच-सात मिनिटं थांबा.

आता थर्मामीटरचा फुगा (नळीच्या तळाचा द्रव भरलेला गोळा) बर्फाच्या मधोमध खोचा. तळाला किंवा कडेला टेकवू नका. पट्टी कागदी असेल तर खालचा भाग पातळ पिशवीत घालून दोऱ्याने बांधा. दहा मिनिटांनी, बाहेर न काढता, आकडा वाचा. शून्याच्या अर्धा अंश आसपास असेल तर उत्तम.

चाळिसाची परीक्षा

शून्यावर बरोबर म्हणजे पंचेचाळिसावरही बरोबर, असं नसतं. नळीचं भोक सगळीकडे सारखं नसलं किंवा पट्टी अंदाजाने छापलेली असली, तर चूक वर चढताना वाढत जाते. उकळत्या पाण्याचा विचार मनात आणू नका, ५० वर संपणारा थर्मामीटर त्यात फुटेलच. (शिवाय ग्वाल्हेर समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटरवर असल्याने इथे पाणी १०० च्या थोडं खालीच उकळतं.)

त्याऐवजी ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर हाताशी घ्या. ३५ ते ४२ अंशांच्या दरम्यान तो घरातलं सगळ्यात अचूक यंत्र असतो. जाड बुडाच्या पातेल्यात तीन लिटर पाणी ४१ च्या आसपास कोमट करा, म्हणजे हाताला ऊन लागेल पण चटका बसणार नाही इतकं. दोन्ही थर्मामीटरांची टोकं रबराने जवळ जवळ बांधून पाण्यात धरा, डिजिटलचा पडदा वर राहील याची काळजी घ्या, पाणी डावाने हळू ढवळत राहा. बीप वाजताच दोन्ही आकडे लिहा. ताप मोजायचं यंत्र सगळ्यात वरचा आकडा धरून ठेवतं आणि पाणी तर निवत असतं, म्हणून प्रत्येक मोजणीआधी ते बंद करून पुन्हा चालू करा. ४१, ३९ आणि ३७ च्या आसपास अशा तीन नोंदी पुरतात. यंत्र फॅरेनहाइटमध्ये असेल तर ३२ वजा करून १.८ ने भागा.

समजा, बर्फात १ दिसला आणि खऱ्या ४० ला ४२. म्हणजे खाली एक अंशाची चूक, वर दोनाची. मग मे महिन्यात हा थर्मामीटर ४७ दाखवेल तेव्हा खरं तापमान ४५ च्या आसपास असेल. चिकटपट्टीवर ‘० ला १ जास्त, ४० ला २ जास्त’ असं लिहून मागे चिकटवा. चूक दोन्हीकडे सारखीच असेल तर नळी सरकलेली आहे. तारा सैल करून ती हळूच जागेवर आणा आणि वरच्या टोकाला फेव्हिक्विकचा एक थेंब सोडा.

घड्याळवजा डिजिटल पाण्यात घालता येत नाही. तो आणि तपासलेला थर्मामीटर एका खोक्यात झाकून, दोन तास खोलीच्या कोपऱ्यात ठेवा आणि आकडे ताडून पाहा. त्याची आर्द्रता तपासायची असेल तर बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घेऊन त्यावर पाण्याचे थोडे थेंब टाका, म्हणजे मीठ ओलं चिखलासारखं होईल, विरघळणार नाही. झाकण आणि यंत्र एकाच हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी आर्द्रता ७५ टक्के दिसायला हवी. ७० दिसली तर तुमचं यंत्र पाच टक्के कमी सांगतं.

टांगायची जागा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात आणि त्यातली मोठी चूक पुस्तकं वाचून होते. ‘उत्तरेची भिंत कायम सावलीत’ हा सल्ला थंड देशांतला. ग्वाल्हेर २६.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये सूर्य ईशान्येकडे उगवतो आणि वायव्येकडे मावळतो. त्यामुळे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात उत्तरेच्या भिंतीवर सकाळी साधारण सव्वादहापर्यंत आणि पुन्हा दुपारी सव्वादोननंतर तिरपं ऊन येतं. दुपारी तीन-चारला, म्हणजे नेमका दिवसाचा उच्चांक नोंदवायच्या वेळी, थर्मामीटर उन्हात. तेव्हा भिंतीवर छज्जा हवा, आणि पश्चिमेकडून आडोसाही हवा. मे अखेरीस एका सुट्टीच्या दिवशी दर तासाला जाऊन सावली कुठे पडते ते पाहा, मगच खिळा ठोका.

जुन्या वाड्यांत यासाठी चौकाच्या कडेची ओसरी उत्तम. वर पटियाचं, म्हणजे लांब दगडी फरशांचं, छप्पर, दोन बाजूंनी वारा, खाली फरशी. उंची जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर, म्हणजे उभ्या माणसाच्या छातीपासून डोक्याच्या थोडं वरपर्यंत. भिंतीला चिकटवू नका: दीड-दोन इंचांचे दोन लाकडी गुटके मागे ठोकून त्यांवर टांगा किंवा छज्ज्याच्या कडीला तार बांधून मोकळा सोडा. ग्वाल्हेरचा वाळूचा दगड दिवसभर ऊन पितो आणि रात्री दहापर्यंत ओकत राहतो. त्याला टेकलेला थर्मामीटर संध्याकाळी हवेपेक्षा चार-पाच अंश चढा दिसला तर नवल नाही. कूलरचा झोत, एसीचं बाहेरचं यंत्र, स्वयंपाकघराची खिडकी, जिन्यातला बल्ब आणि धुतलेल्या फरशीवरचा ओलावा यांपासून लांब राहा.

फ्लॅटमध्ये ओसरी नसते, फक्त बाल्कनी किंवा गच्ची. मग सावली बनवावी लागते. कुंडीखाली ठेवतात तशा सहा-सात इंची पांढऱ्या प्लास्टिकच्या सात बशा आणा. वरच्या दोन अखंड ठेवा, खालच्या पाचांना मधोमध अडीच-तीन इंचांचं गोल भोक पाडा. काठाजवळ तीन ठिकाणी छिद्रं करून, त्यांतून पाच मिलिमीटरच्या आट्यांच्या सळ्या घाला. दोन बशांत पाऊण इंच अंतर राहील असे पाइपचे तुकडे मध्ये अडकवून खालून नट कसा. बशा पालथ्या बसवायच्या, म्हणजे पावसाचं पाणी आत जात नाही. प्रोब मधल्या पोकळीत लोंबकळत ठेवा, बशीला टेकू देऊ नका. हवामान खात्याच्या वेधशाळेत पांढऱ्या झडपांची लाकडी पेटी असते, त्याच तत्त्वावरचं हे घरगुती रूप: ऊन अडावं, वारा अडू नये. थर्माकोलच्या बंद डब्यात किंवा स्टीलच्या डब्यात ठेवलेला थर्मामीटर डब्याचीच हवा मोजतो. गच्चीवर बसवायचं तर तापलेल्या फरशीपासून दीड मीटर उंच काठीवर आणि पाण्याच्या काळ्या टाकीपासून लांब.

जागा चुकली की यंत्र, हे ओळखायची एक सोपी युक्ती: सूर्योदयाच्या वेळी आणि दुपारी तीनला अशा दोन वेळा शेजारच्या तपासलेल्या थर्मामीटरशी तुलना करा. पहाटेही तेवढीच तफावत दिसली तर दोष यंत्राचा. पहाटे जुळतात आणि दुपारीच फाटतात, तर दोष जागेचा.

वाचताना

डोळा द्रवाच्या टोकाच्या पातळीत आणा. पट्टी नळीच्या मागे असल्याने वरून पाहिलं तर आकडा उतरता दिसतो, खालून पाहिलं तर चढा. लाल द्रवात टोकाची खोलगट बाजू वाचायची, पाऱ्यात फुगीर माथा. जवळ जाऊन श्वास सोडत उभं राहू नका.

उच्चांक-नीचांक दाखवणाऱ्या इंग्रजी यू आकाराच्या नळीत (ही जेम्स सिक्सची अठराव्या शतकातली रचना) दोन बारीक लोखंडी खुणा पाऱ्यावर सरकत असतात. खुणेचं पाऱ्याकडचं, खालचं टोक वाचा. डाव्या बाजूची पट्टी उलटी असते, वर थंड आणि खाली गरम, आणि तिथेच नवखे फसतात. वाचून झालं की चुंबकाने किंवा बटणाने खुणा पाऱ्याला टेकवा.

पुन्हा शून्यापासून सुरू करायची वेळही ठरवून घ्या. दिवसाचं सगळ्यात कमी तापमान सूर्योदयाच्या जरा नंतर असतं, आणि जानेवारीत इथे सूर्य सातनंतर उगवतो. पहाटे सहाला बटण दाबलंत तर तीच थंडी तुमच्या वहीत दुसऱ्या दिवसाच्या खात्यावरही चढते. सकाळी साडेआठला नीचांक आणि संध्याकाळी साडेपाचला उच्चांक नोंदवा; हवामान खात्याच्या नोंदींच्याही याच वेळा.

आकड्याचा अर्थ लावायला खात्याचे मैदानी भागाचे निकष जवळ असू द्या. कमाल तापमान ४० किंवा जास्त आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर, किंवा सरासरी काहीही असली तरी ४५ गाठलं, तर उष्णतेची लाट. ४७ ला ती तीव्र. थंडीत किमान ४ किंवा कमी म्हणजे शीतलहर, २ किंवा कमी म्हणजे तीव्र शीतलहर. अर्थात हे निकष खात्याच्या केंद्रांवरच्या नोंदींना लागतात. दौलतगंजच्या दाट गल्लीत रात्री दोन-तीन अंश जास्त दिसले तर यंत्राला दोष देऊ नका.

दारं-खिडक्या आणि कूलर

थर्मामीटरचा पैसा वसूल होतो तो इथे. एक आत, एक बाहेर. सकाळी बाहेरचा आकडा आतल्याला ओलांडू लागला की दारं, खिडक्या, पडदे सगळं बंद. मे महिन्यात ही वेळ बहुधा आठच्या सुमारास येते. संध्याकाळी ‘ऊन कललं’ म्हणून पाचला खिडक्या उघडायची घाई होते, पण तेव्हा बाहेर ४१ आणि आत ३५ असतात. रात्री आकडे पुन्हा एकमेकांना ओलांडतील तेव्हाच उघडा, मग साडेनऊ वाजले तरी चालेल.

पंखा लावल्यावर थर्मामीटरचा आकडा उतरत नाही, आणि लोक यंत्र बिघडलं म्हणतात. पंखा हवा थंड करत नाही, घाम वाळवतो. थर्मामीटरला घाम येत नाही. हवा त्वचेपेक्षा गरम झाली, साधारण ३५ च्या वर, की वारा अंगात उष्णता घालू लागतो आणि सगळी भिस्त घामावर येते. लू मध्ये (उन्हाळ्यातल्या गरम झळांत) वारा असूनही जीव का कासावीस होतो, ते यावरून कळेल. म्हणून पाणी, पन्हं आणि ओला पंचा.

कूलर किती थंड करू शकेल ते आधीच मोजता येतं. सारखे दोन थर्मामीटर घ्या. एकाच्या फुग्याभोवती धुऊन खळ काढलेल्या पांढऱ्या मलमलीचा एक वेढा दोऱ्याने बांधा, कापडाचं शेपूट खालच्या छोट्या बाटलीतल्या पाण्यात सोडा. पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड असावं. बोअरच्या पाण्याने कापड क्षाराने कडक होतं. दोन्ही कूलर जिथून हवा ओढतो तिथे सावलीत ठेवून टेबलफॅन जोरात सोडा. दहा मिनिटांत ओला आकडा जिथे खाली थांबेल तो लिहा. चांगला कूलर कोरड्या आणि ओल्या आकड्यांतल्या फरकाचा पाऊण हिस्सा खाली आणतो.

मे महिन्यात कोरडा ४४ आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओला २३ च्या आसपास येतो. फरक २१, त्याचा पाऊण हिस्सा पावणेसोळा, म्हणजे जाळीतून २८ ची हवा. जुलैत पावसानंतर कोरडा ३४, आर्द्रता ७५ टक्के, ओला ३०. फरक चारच, म्हणजे कूलरची हवा ३१ च्या खाली जाणार नाही, वर खोली चिकट होईल ती वेगळीच. पंप बंद करून नुसता पंखा चालवा.

मे महिन्यात जाळीतली हवा हिशेबापेक्षा तीन-चार अंश गरम निघाली तर क्रमाने पाहा: पॅडवर कोरडे पट्टे आहेत का (वरच्या नळीची भोकं क्षाराने बुजलेली असतात, ती टाचणीने मोकळी करा), पॅड दगडासारखं कडक झालंय का, आणि कूलर बाहेरच्याऐवजी खोलीतलीच हवा फिरवतोय का. समोरची खिडकी चार बोटं उघडी हवीच. नाहीतर ओलावा साचून ओला आकडा वर चढतो आणि कूलर निकामी ठरतो.

थंडीत

जानेवारीत धुकं धरलं की दुपारचाही आकडा वर येत नाही, आणि दगडी घर आठवडाभर गारठून राहतं. खोलीत १४ असताना एका घरात बरं वाटतं आणि दुसऱ्यात कुडकुडायला होतं, कारण अंगाची उष्णता हवेइतकीच गार भिंतीही ओढतात. पलंग बाहेरच्या भिंतीपासून हातभर सरकवला किंवा मध्ये जाड सतरंजी टांगली तर थर्मामीटर तसाच राहूनही फरक जाणवतो. स्टीलची बादली आणि लाकडी पाट रात्रभर एकाच मोरीत असतील तर दोघांचं तापमान एकच असतं. स्टील बोटांची उष्णता झटकन ओढून नेतं, म्हणून ते गार लागतं.

हीटर लावल्यावर थर्मामीटर उशाच्या उंचीवर ठेवा. छताजवळ गरम हवा साचते आणि तिथला आकडा दिलासा देतो तेवढाच. म्हाताऱ्या माणसांची आणि तान्ह्या बाळांची खोली १८ च्या खाली जाऊ देऊ नये. कोळशाची सिगडी बंद खोलीत ठेवू नका. तिच्या विषारी वायूला वास नसतो आणि तो कुठलाही थर्मामीटर दाखवत नाही.

दही या दिवसांत न लागण्याचं कारण बहुतेक वेळा विरजणात नसतंच. दूध ४२-४३ वर असताना विरजण लावा, भांडं रजईत किंवा पिठाच्या डब्यात ठेवा.

बिघाड

लाल रेघ मध्येच तुटलेली दिसली तर आकडा वरचा खोटा. फुगा बर्फ-मिठाच्या मिश्रणात धरा, म्हणजे सगळा द्रव आकसून खाली फुग्यात जातो. मग तो उभा ठेवून खोलीत हळूहळू चढू द्या. तरीही तुटलेली राहिली तर थर्मामीटर मुठीत उभा धरून, फुगा खाली ठेवून, मूठ तळहातावर हलके आपटा. गॅसवर शेकायचा उपाय कुणी सांगितला तर ऐकू नका. नळीच्या अगदी वरच्या टोकाला लाल थेंब जमले असतील, तर तेवढा द्रव खालून उडालेला असतो आणि यंत्र कमी दाखवतं. उन्हाळ्यात हे हमखास होतं. उपाय तोच. गुंडाळून ठेवताना नेहमी उभा.

डिजिटलचा पडदा गच्चीवर काळा पडला तर सावलीत आणल्यावर तो बहुतेक पूर्ववत होतो. आकडे फिके दिसले तर सेल बदला. गळलेल्या सेलची पांढरी भुकटी कापसाच्या बोळ्याने, लिंबाच्या दोन थेंबांनी पुसा.

पाऱ्याचा जुना थर्मामीटर फुटला तर आधी मुलांना बाहेर काढा, पंखा आणि कूलर बंद करा, खिडक्या उघडा. हातातल्या अंगठ्या, बांगड्या उतरवून ठेवा, कारण पारा सोन्याला धरतो. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नका, थेंबांचे आणखी बारीक थेंब होतील. दोन जाड कार्डांनी ते एकत्र ढकला, ड्रॉपरने उचला, फटीतले चिकटपट्टीने. सगळं काचेच्या बरणीत, वर थोडं पाणी, झाकण घट्ट. मोरीत ओतू नका, कचऱ्याच्या गाडीतही टाकू नका. बरणीवर ‘पारा’ असं ठळक लिहा आणि घातक कचरा घेणाऱ्या केंद्राकडे देईपर्यंत ती स्वयंपाकघराबाहेर, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा.